वास नसलेला वायू आणि काम थांबवण्याचा अधिकार

व्हिक्टोरियाला जाताना कोक्विटलाम आणि परिसरातील आपल्या बहुतेक कुटुंबांनी त्सावासेनहून 'स्पिरिट ऑफ ब्रिटिश कोलंबिया' किंवा 'स्पिरिट ऑफ व्हँकुव्हर आयलंड' या फेरीबोटीने प्रवास केलेला असेल. वरच्या मजल्यावर आपण मुलांना बेटे दाखवीत उभे असतो, तेव्हा खाली इंजिनकक्षात चार मोठी इंजिने चालू असतात आणि काही मोजकी माणसे डोळ्यांत तेल घालून त्यांच्यावर लक्ष ठेवीत असतात. त्या माणसांच्या कामाविषयी आपण फारसे बोलत नाही. आपल्या समाजातील काही तरुण आता जहाजावरच्या नोकऱ्यांकडे वळत आहेत. म्हणून हे काम नेमके काय असते आणि त्यात सुरक्षितता कशावर टिकून राहते, हे समजून घेणे आम्हाला अगत्याचे वाटते.

या दोन बोटी १९९३ आणि १९९४ मध्ये सेवेत आल्या. प्रत्येकीवर सुमारे २,१०० माणसे मावतात. पूर्वी त्या केवळ डिझेलवर चालत. पोलंडमधील ग्दान्स्क येथील रेमोंतोवा गोदीत त्यांचे रूपांतर झाले आणि २०१८ व २०१९ मध्ये त्या द्वि-इंधन बोटी म्हणून परतल्या. त्याच गोदीत बांधलेल्या 'सॅलिश' वर्गाच्या बोटी त्याआधीच, २०१७ मध्ये, या किनाऱ्यावर दाखल झाल्या होत्या. या बोटींचे मुख्य इंधन म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू. कोक्विटलामच्या दक्षिणेकडून वाहणारी फ्रेझर नदी पुढे डेल्टा येथे जाते. तेथे तिच्या काठी टिलबरीचा प्रकल्प १९७१ पासून उभा आहे. नैसर्गिक वायू तेथे उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला जातो. द्रव झाल्यावर त्याचे आकारमान सुमारे सहाशेपटीने घटते, म्हणूनच तो टँकरमधून नेता येतो आणि जहाजाच्या टाकीत साठवता येतो.

द्वि-इंधन इंजिनाची कल्पना सोपी आहे. वायू हवेत मिसळून सिलिंडरमध्ये घेतला जातो. तो आपोआप पेटत नाही. त्याला पेटवण्यासाठी डिझेलची अगदी लहान फवार सोडतात. पूर्ण भारावर या फवारीतून एकूण ऊर्जेच्या एखाद्या टक्क्याइतकीच ऊर्जा मिळते. वायूच्या पुरवठ्यात काही बिघाड झाला, तर इंजिन क्षणार्धात पूर्णपणे डिझेलवर येते आणि जहाजाची शक्ती जात नाही. अरुंद खाडीत, भरतीच्या प्रवाहात, शेकडो प्रवासी घेऊन चाललेल्या बोटीसाठी हा गुण जीवनदायी आहे. उलट दिशेचा बदल, म्हणजे डिझेलवरून वायूवर येणे, मात्र सावकाश आणि इंजिनावर फार भार नसतानाच करतात.

कल्पना सोपी असली, तरी ती चालवण्याची वाट अरुंद आहे. मिश्रणात वायू जास्त झाला की सिलिंडरमध्ये अकाली स्फोटक ज्वलन होते आणि इंजिन ठोके देऊ लागते. वायू कमी पडला की मिश्रण पेटतच नाही. न पेटलेला वायू मग धुराच्या नळीत साचतो आणि तेथे भडका उडण्याची भीती निर्माण होते. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात इंजिन ठेवण्याचे काम संगणक करतो. परंतु संगणकाला जे दिसते ते संवेदकांच्या डोळ्यांनी दिसते. संवेदक मळला, वायू सोडणारी झडप चिकटली, डिझेलच्या सूक्ष्म फवाऱ्याचे तोंड झिजले, तर संगणकाचा निर्णयही चुकीच्या माहितीवर उभा राहतो. म्हणून प्रत्येक सिलिंडरचे तापमान आणि दाब रोज टिपणे, जुन्या नोंदींशी ताडून पाहणे आणि एखादा सिलिंडर इतरांपासून हळूहळू वेगळा वागू लागला तर कारण शोधणे, हा देखभालीचा पाया आहे.

आता वायूच्या स्वभावाविषयी. भारतात आपल्या घरी स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील वायूला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. गळती झाली की आई प्रथम नाकाने ओळखते आणि खिडक्या उघडते. जहाजावरच्या द्रवरूप नैसर्गिक वायूला असा वास नसतो. येथे माणसाचे नाक निरुपयोगी ठरते. शिवाय घरचा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. मिथेन मात्र थंड असताना धुक्यासारखा खाली पसरतो आणि उबदार होताच वर चढून छताशी जमतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर एक ठिणगी पुरते. द्रव सांडला तर साधे पोलाद थंडीने ठिसूळ होऊन तडकते आणि त्वचेला भाजल्यासारखी इजा होते.

या स्वभावाला अनुसरून एकामागे एक अडसर उभे केलेले असतात. इंजिनकक्षातील वायूची नळी दुहेरी भिंतीची असते. दोन भिंतींमधील पोकळीतून सतत हवा खेचली जाते आणि तिच्यात वायूचा अंश आहे का, हे यंत्र तपासत राहते. इंजिनाच्या आधी दोन झडपा एकापाठोपाठ बसवतात आणि त्यांच्या मधला वायू बाहेर सोडून देण्यासाठी तिसरी असते. टाकीलगतच्या बंद कक्षात स्फोटाच्या किमान मर्यादेच्या २० टक्क्यांवर धोक्याची घंटा वाजते. दोन संवेदकांनी ४० टक्के दाखवले की टाकीची मुख्य झडप आपोआप मिटते. अशा जहाजांसाठीची आंतरराष्ट्रीय संहिता १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. हे सारे अडसर वेळोवेळी तपासले गेले तरच त्यांना अर्थ राहतो. सतत खोटी वाजते म्हणून बंद करून ठेवलेली घंटा ही घंटा नसण्यापेक्षाही घातक, कारण माणूस तिच्या भरवशावर राहतो.

सर्वांत नाजूक वेळा दोन. पहिली इंधन भरण्याची. आपल्या या फेरीबोटींवर वायूचा टँकर थेट वाहनांच्या डेकवर चढतो आणि तेथून बंद नळीने टाकीत इंधन सोडले जाते. जोडणीपूर्वी नळीची तपासणी, मुखावरण, थंडीपासून वाचवणारे हातमोजे, ठिणगीच्या साऱ्या कारणांना मज्जाव आणि आणीबाणीचे बटण हाताशी, हा क्रम कधीही बदलायचा नसतो. दुसरी वेळ इंजिन उघडण्याची. इंजिन थांबले म्हणजे वायू संपला असे नव्हे. नळीत तो उरलेला असतो, पिस्टनच्या कडेने झिरपून खालच्या क्रँककेसमध्येही गेलेला असू शकतो. म्हणून झडपा बंद करून कुलूप आणि नावाची पाटी लावायची, नायट्रोजनने नळी धुऊन काढायची, मोजणी करायची आणि लेखी परवाना हाती आल्यावरच पान्याला हात लावायचा. काम संपल्यावर गळतीची चाचणी झाल्याखेरीज वायू पुन्हा सोडायचा नाही.

देखभालीची जबाबदारी जहाजाच्या भिंतींपाशी संपत नाही. वायू जळताना डिझेलपेक्षा काजळी आणि गंधकाचा धूर फार कमी होतो, हे खरे. परंतु मिथेन न जळता निसटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. कमी भारावर रेंगाळणाऱ्या, झिजलेल्या इंजिनातून तो अधिक निसटतो. इंधन स्वच्छ आहे असे जाहिरात सांगते. ते खरे ठरवणे इंजिनकक्षातील माणसाच्या हाती असते.

येथे आमच्या मनातील मुख्य मुद्दा येतो. वर सांगितलेला प्रत्येक अडसर शेवटी एका माणसाच्या शब्दावर उभा आहे, आणि पुष्कळदा तो माणूस सर्वांत कनिष्ठ असतो. नळीजवळ उभा असलेला ऑइलर मोजणी पुन्हा घ्यावी असे म्हणतो, तेव्हा चीफ इंजिनिअरने ते ऐकावे लागते. बोटीला उशीर होत असताना 'थांबा' म्हणणे कठीण असते. श्रेणीबद्ध विषमतेच्या समाजातून आलेल्या आपल्या माणसांना ते अधिकच कठीण जाते. वरच्याने सांगावे आणि खालच्याने मान खाली घालून करावे, ही शिकवण पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरवली गेली. वायूच्या इंजिनाजवळ ती शिकवण प्राणघातक आहे. धोकादायक काम नाकारण्याचा हक्क कॅनडाच्या संघीय श्रमसंहितेत आणि ब्रिटिश कोलंबियाच्या नियमांतही आहे. चालत्या जहाजावर त्याला काही मर्यादा असतात. त्या मर्यादांसह तो नोकरीच्या पहिल्या दिवशीच समजून घ्यावा.

थकलेला माणूस मात्र हक्क असूनही धोका ओळखू शकत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि १९४६ मध्ये कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणला गेला. या गोष्टीकडे आपण सहसा दया वा सवलत म्हणून पाहतो. यंत्राजवळ उभे राहिल्यावर कळते की विश्रांती हा सुरक्षिततेचाच भाग आहे. आज समुद्रावरील कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांती सांगतो. ती प्रत्यक्षात न घेता वहीत भरून टाकणे म्हणजे एक अडसर स्वतःच्या हाताने काढून टाकणे होय.

ज्यांना या क्षेत्रात यायचे आहे, त्यांनी वायू-इंधनाच्या जहाजांसाठीचे प्रशिक्षण निराळे असते, हे लक्षात ठेवावे. मूलभूत आणि प्रगत असे त्याचे दोन टप्पे आहेत. प्रगत प्रमाणपत्रासाठी अशा जहाजावर किमान एक महिन्याची सेवा आणि इंधन भरण्याच्या तीन कामांचा अनुभव लागतो. सागरी अभियांत्रिकीचे शिक्षण आपल्याजवळच, नॉर्थ व्हँकुव्हर येथील बीसीआयटीच्या सागरी संकुलात मिळते.

आपल्या घरातील मुलगा वा मुलगी जहाजावरून फोन करील, तेव्हा पगार आणि सुट्टी विचाराच. पण झोप झाली का आणि शंका आली तेव्हा बोललास का, हेही विचारा. 'हो, मी काम थांबवायला सांगितले आणि त्यांनी थांबवले' असे उत्तर आले, तर त्या दिवशी त्या बोटीवरची सारी माणसे थोडी अधिक सुरक्षित होती, असे खुशाल समजावे.