पुसता पुसेना ती शाई

अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (1551–1615) कागद बाजूला ठेवून चक्क कापडावर ग्रंथ लिहिला. ही त्यांची ‘पासोडी’: सुमारे 40 फूट लांब, 4 फूट रुंद, आणि त्यावर पंचीकरणासारखा अवघड वेदान्तविषय ओव्यांत मांडलेला. त्यांच्या ‘गीतार्णवा’च्या ओव्या सव्वा लाख मानल्या जातात. रोज एका ढब्बू पैशाची शाई ते संपवत, अशी आख्यायिकाही सांगतात. एवढी शाई जिथे वाहिली, त्या मुलखात चुकलेलं अक्षर काढायचं कसं हा प्रश्नही तेवढाच जुना असणार.

उत्तर होतं पिवळं. पोथ्या उतरवणारे लेखक हरताळ, म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं पिवळंधमक खनिज, डिंकाच्या पाण्यात खलून ठेवत. अक्षर चुकलं की त्यावर लेप. पोथीचा कागद आधीच पिवळसर, त्यामुळे डाग उठून दिसत नसे, आणि लेप वाळला की त्यावरच बोरूने बरोबर अक्षर लिहायचं. शब्दाला अक्षरशः हरताळ फासला जायचा तो असा! शिवाय विषारी आर्सेनिकमुळे कीडही अशा पानांपासून लांब राहते. म्हणून जुनी पोथी हाती आली तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा: बोट जिभेला लावून पान उलटू नका.

व्हाइटनर त्या मानाने कालचं पोर. अमेरिकेतल्या डॅलसमध्ये बँकेत टायपिंग करणाऱ्या बेट नेस्मिथ ग्रॅहम यांनी पांढरा रंग बाटलीत भरून चुका झाकायला सुरुवात केली आणि 1956 साली तो ‘मिस्टेक आउट’ नावाने विकायला काढला. 1979 मध्ये जिलेट कंपनीने त्यांचा धंदा 4 कोटी 75 लाख डॉलरना घेतला.

आधी शाई ओळखा

जून उजाडला की वरच्या वर्गातल्या मुलाची पुस्तकं निम्म्या किमतीत घ्यायची, ही मराठी घरांतली जुनी रीत. पुस्तक स्वस्त मिळतं, पण रिकाम्या जागा भरलेल्या, जोड्या लावलेल्या आणि कडेला कुणाकुणाची नावं गिरवलेली! ते सगळं पुसायला बसण्याआधी शाई कोणती आहे हे बघावं. सगळा खेळ तिथेच आहे.

सर्वांत हट्टी ती काजळाची शाई. दिव्याचं काजळ बाभळीच्या डिंकात घोटून ती करत. काजळ म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन. त्यावर ना ब्लीच चालत, ना आम्ल, ना ऊन. शेकडो वर्षांची पोथी आजही काळीभोर वाचता येते ती यामुळेच. मात्र याच शाईची एक दुखरी नस आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात होणाऱ्या हातकागदासारखा घोटून गुळगुळीत केलेला कागद असेल, तर शाई आत मुरत नाही, वरच बसते. मग ओल्या फडक्याने ती उचलली जाऊ शकते. ब्लीचला न भिणारी शाई पाण्याला भिते, हे मला फार विलक्षण वाटतं.

छपाईची काळी शाईही कार्बनचीच, फक्त तेलात कालवलेली. म्हणूनच पेनाची रेघ रसायनाने उडते आणि तिच्याखालचा छापील मजकूर जागच्या जागी राहतो. पुस्तकातली शाई काढण्याच्या साऱ्या युक्त्या या एका फरकावर उभ्या आहेत.

दुसरी शाई हिरड्यासारख्या तुरट फळांतलं टॅनिन आणि हिराकस मिसळून होणारी. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. ही शाई लिहिताना फिकी दिसते आणि हवा लागली की काळी पडते. शर्टावरच्या असल्या डागावर आजी लिंबू-मीठ चोळायची, त्यात पक्कं रसायनशास्त्र होतं: लिंबातलं आम्ल लोखंडाला पकडून पाण्यात उतरवतं. पण तोच प्रयोग कागदावर करू नका. आम्ल कागदाचे धागे खातं, पान पिवळं पडतं आणि काही वर्षांनी घडीवर तुटतं.

फाउंटन पेनची निळी शाई त्या मानाने गरीब. मराठी घरांत ती आणण्यात दांडेकरांचा मोठा वाटा. 1931 साली त्यांनी मुंबईत सुरू केलेल्या कॅमलिनची पहिली उत्पादनं म्हणजे ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि गोळ्या. धुतली जाणारी निळी शाई परदेशात शाळकरी मुलं ‘इंक इरेझर’ पेनाने उडवतात. त्यातलं सल्फाइट रंगाच्या रेणूला चिकटतं आणि त्याचा रंग घालवतं. शाई कागदावरच असते, दिसत नाही एवढंच!

बॉलपेनचं मात्र सोडून द्यावं. लास्लो बिरोने 1938 मध्ये ज्याचं पेटंट घेतलं, त्या पेनात तेलकट, चिकट शाई असते. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावलं की ती विरघळते खरी, पण विरघळून आणखी खोल मुरते आणि एका रेघेचा ढग होतो. जेल पेनातली रंगद्रव्यं बहुधा विरघळतही नाहीत. पेन्सिलला मऊ पांढरा खोडरबर, आतून कडेकडे, एकाच दिशेने. आणि पुस्तकाच्या कडांवर मारलेला शिक्का असेल तर पुस्तक घट्ट दाबून धरून बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. जुन्या पुस्तकांच्या धंद्यातली ही मुरलेली युक्ती आहे.

न निघण्याच्या बाबतीत बिब्ब्याचा हात कुणी धरणार नाही. परीट कपड्यांवर खुणा करत त्या बिब्ब्याच्या रसाने. वर चुना लावला की खूण कायमची. हा रस अंगावर उततो, त्यामुळे हाताळणाऱ्याला तो जपूनच वापरावा लागे.

पुसण्याआधी वाचा

बाबासाहेब आंबेडकरांनी विद्यार्थिदशेत न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तकं गोळा केली होती, असं त्यांचे चरित्रकार धनंजय कीर लिहितात. त्यांच्या संग्रहातली जॉन ड्युई यांची पुस्तकं मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात आहेत. पानांवरच्या त्यांच्या पेन्सिलच्या खुणा बघत ड्युईंचे कोणते विचार त्यांना भिडले याचा अभ्यासकांनी माग काढला, आणि त्यावर ग्रंथ झाला. त्या रेघा कुणी खोडरबराने ‘साफ’ केल्या असत्या तर? पुण्याच्या भांडारकर संस्थेत 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हाही संपादकांनी पोथ्यांच्या समासात मागाहून लिहिलेले शब्द वेगळे नोंदवले.

आपल्याकडे पंचांगाच्या, पोथीच्या कोऱ्या पानावर मुलाच्या जन्माची वेळ, कुणाची देणी-घेणी लिहून ठेवत. दासोपंतांच्या अंबाजोगाईचा बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने तिथल्या जुन्या कागदांत मोडी आणि उर्दू, दोन्ही भेटतात. न वाचता येणारी ओळ म्हणजे घाण नव्हे. आधी मोडी जाणणाऱ्याला दाखवा.

तसं पुसलेलंही पूर्ण जातंच असं नाही. 1229 साली ग्रीक भिक्षूंनी आर्किमिडीजचा मजकूर खरवडून त्याच चामड्यावर प्रार्थना लिहिल्या. एकविसाव्या शतकात कॅलिफोर्नियात क्ष-किरणांनी शाईतल्या लोखंडाचे कण हुडकले आणि गणित पुन्हा वाचता आलं.

आता तर घासल्याच्या उष्णतेने पुसली जाणारी पेनंही मिळतात. त्यांची शाई साधारण 60 अंश सेल्सिअसला अदृश्य होते आणि उणे 10–20 अंशांच्या आसपास परत दिसू लागते. मे महिन्यात बीडला बंद गाडीच्या डॅशबोर्डवर अशी वही विसरलात, तर कोरी वही हाती येण्याची तयारी ठेवा. मग ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवायची. अक्षरं बरीचशी परत येतात.