कुल्ल्यातली कळ : दर वेळी मणकाच दोषी नसतो



गाळप हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरवरचे आणि बंडीवरचे बसणे वाढते. वावरातून कारखाना, मग काट्यावर नंबर लागेपर्यंत तासन्‌तास त्याच बैठकीवर. अशा वेळी पुष्कळांच्या एका कुल्ल्यात खोल ठणका धरतो, मांडीच्या मागून कळ खाली उतरते, आणि ‘मणका सरकला’ असे सांगणारे चारजण लगेच भेटतात. मणक्याची गादी सरकल्यानेही असे दुखते, हे खरे. पण हीच नस कुल्ल्यातही दबते आणि तिचा उपाय थोडा निराळा आहे. म्हणून हा विषय घेतला आहे.

नस दबते कुठे?

कमरेतून पायात जाणारी सायटिक नस ही शरीरातली सर्वांत जाड नस. ती कुल्ल्यात एका लहान स्नायूच्या खालून बाहेर येते. या स्नायूला पिरिफॉर्मिस म्हणतात. मांडी बाहेर वळवणे हे त्याचे काम. काहींमध्ये नस किंवा तिची फांदी जन्मतःच या स्नायूतून जाते. स्नायू आखडला वा सुजला की शेजारची नस चिमटते. यीओमन नावाच्या डॉक्टरने १९२८ मध्ये याकडे लक्ष वेधले. १९४७ मध्ये रॉबिन्सनने या दुखण्याला स्नायूचेच नाव दिले. आपल्या चरकसंहितेत ‘गृध्रसी’ सांगितली आहे, तिचे दुखणेही कुल्ल्यापासूनच सुरू होऊन पावलापर्यंत जाते.

कारणे

कठीण बैठकीवर फार वेळ बसणे, मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून बसणे, धुऱ्यावरून घसरून कुल्ल्यावर पडणे, सवय नसताना एकदम जड काम अंगावर घेणे. आणखी एक कारण म्हणजे चुकीच्या जागी टोचलेली सुई. कुल्ल्यात सुई घ्यायचीच तर वरच्या बाहेरच्या भागात घ्यावी. खालच्या आतल्या भागातून नस जाते.

ओळखायचे कसे?

कुल्ल्यातल्या दुखण्यात बसलं की कळ वाढते, उठून चाललं की पुष्कळदा हलकं वाटतं. कुल्ल्याच्या मध्यावर खोल दाबल्यास नेमकी तीच कळ उठते. गादी सरकली असेल तर बहुधा कंबरही दुखते, खोकला-शिंक आली की चमक पायात जाते. पण या खुणा पक्क्या नव्हेत. निदान डॉक्टरांनीच करावे. नुसत्या एमआरआयवरही जाऊ नये. काही त्रास नसलेल्या माणसांच्या मणक्यातही गादी थोडी फुगलेली दिसते.

आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटूनही दुखते, बहुधा जांघेत. घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगावे.

उपाय

बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. ज्या कामाने दुखते ते काही दिवस कमी करावे, पण अंथरूण धरू नये. अर्ध्या तासाने उतरून चार पावले चालावे. बैठकीवर जाड घडी घ्यावी, पाकीट पुढच्या खिशात ठेवावे. सोसवेल इतका शेक द्यावा.

व्यायाम असा : सतरंजीवर उताणे झोपून दोन्ही गुडघे वाकवा. दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा. चांगल्या पायाची मांडी मागून दोन्ही हातांनी धरून हळूहळू छातीकडे ओढा. दुखऱ्या कुल्ल्यात ताण जाणवेल. वीस ते तीस आकडे मोजून सोडा. असे तीनदा, सकाळ-संध्याकाळ. कळ पायात उतरू लागली तर थांबा.

वेदनाशामक गोळ्या दुकानातून मनाने घेऊ नयेत. पोट, मूत्रपिंड, रक्तदाब यांचा त्रास असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. काही आठवड्यांत उतार पडला नाही तर फिजिओथेरपी, त्यानंतर स्नायूत इंजेक्शन, ऑपरेशन क्वचितच. डाग देणे, बिब्बा घालणे याने कातडी भाजते, नस सुटत नाही.

इथे मात्र थांबू नका

पाऊल उचलेनासे झाले, चप्पल पायातून निसटू लागली, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी तुंबली वा शौचावरचा ताबा गेला, दोन्ही पायांत कळ आली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. नस फार काळ दबून राहिली तर गेलेली ताकद परत येईलच असे नाही. ताप, घटणारे वजन, रात्री झोपू न देणारे दुखणे असेल तरी विनाविलंब तपासून घ्यावे. मणक्याचा क्षयही असू शकतो. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे दाखवता येईल.

ऊस चार दिवस उशिरा तुटला तर वजनात घट येईल, ती पुढच्या हंगामात भरून काढता येईल. लुळे पडलेले पाऊल मात्र तसे भरून निघत नाही. तेव्हा दुखणे अंगावर काढू नका, एवढीच आमची विनंती.