निवडणूक-निधिनियमन, अमेरिकेतील अध्यक्षीय

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराने प्रचारासाठी पैसा कोणाकडून, किती व कोणत्या अटींवर घ्यावा आणि त्याचा हिशेब कसा द्यावा, यांसंबंधीचे संघीय कायदे, न्यायनिर्णय व प्रशासकीय नियम यांना मिळून ही संज्ञा लावतात. अध्यक्षपदाची निवडणूक दोन टप्प्यांत लढविली जाते : प्रथम पक्षाची उमेदवारी मिळविण्यासाठी राज्याराज्यांतून होणाऱ्या प्राथमिक निवडणुका व नंतर नोव्हेंबरमधील सार्वत्रिक निवडणूक. दोन्ही टप्प्यांत प्रवास, कार्यालये, कर्मचारी आणि विशेषतः दूरचित्रवाणीवरील जाहिराती यांवर प्रचंड खर्च होतो. पैसा देणाऱ्यांचे दडपण निवडून येणाऱ्या अध्यक्षावर पडू नये, हा नियमनाचा हेतू. तर प्रचार हे राजकीय मतप्रदर्शनच असल्याने त्यावरील खर्चास मर्यादा घालणे म्हणजे भाषणस्वातंत्र्यास मर्यादा घालणे होय, हा त्यावरील मुख्य आक्षेप. शिवाय नियम करणारे काँग्रेसचे सदस्य व अध्यक्ष हे स्वतःच निधी गोळा करून निवडून आलेले असतात. नियमांचे कर्ते व ज्यांना ते लागू व्हावयाचे ते एकच असल्यामुळे, एखादे प्रकरण उघडकीस येऊन लोकमत क्षुब्ध झाल्यावरच बहुतेक कायदे संमत झाले आहेत.

इतिहास : एकोणिसाव्या शतकात सत्तारूढ पक्ष संघीय नोकरांच्या पगारातून पक्षनिधीसाठी ठराविक रक्कम वसूल करीत. नोकरी न मिळाल्याने चिडलेल्या एका इसमाने १८८१ मध्ये अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या व त्यातच त्यांचा अंत झाला. त्यानंतर १८८३ च्या पेंडल्टन अधिनियमाने ही वसुली बंद करण्यात आली. परिणामी पक्ष उद्योगपतींकडे वळले. १८९६ च्या निवडणुकीत विल्यम मॅकिन्ली (१८४३–१९०१) यांचे प्रचारप्रमुख मार्क हॅना (१८३७–१९०४) यांनी बँका व मोठ्या कंपन्यांकडून जवळजवळ कर आकारावा त्या पद्धतीने वर्गण्या घेऊन किमान ३५ लक्ष डॉलर जमविले. प्रतिस्पर्धी विल्यम जेनिंग्झ ब्रायन यांच्याकडे याच्या एका लहानशा अंशाइतकाच निधी होता.

न्यूयॉर्क राज्यातील विमा कंपन्यांची १९०५ मध्ये चौकशी झाली. तीत विमेदारांच्या हप्त्यांतून आलेला पैसा त्यांना न विचारता अध्यक्षीय प्रचारास दिल्याचे उघड झाले. १९०४ च्या निवडणुकीत थीओडोर रूझवेल्ट (१८५८–१९१९) यांच्या प्रचारास कंपन्यांकडून मोठ्या देणग्या मिळाल्या होत्या. मात्र पुढे अध्यक्ष या नात्याने त्यांनीच अशा देणग्यांवर बंदीची मागणी केली आणि १९०७ मध्ये प्रचाराचा खर्च सरकारी कोषातून करावा, असेही सुचविले. १९०७ च्या टिलमन अधिनियमाने संघीय निवडणुकांत राष्ट्रीय बँका व कंपन्या यांना देणग्या देण्यास मनाई केली. १९२५ च्या संघीय भ्रष्टाचार अधिनियमाने हिशेब सादर करणे आवश्यक ठरविले. १९४० मध्ये वैयक्तिक देणग्यांवर मर्यादा आल्या व १९४७ च्या टाफ्ट-हार्टली अधिनियमाने कामगार संघटनांवरील मनाई कायम केली. तथापि हे कायदे अंमलात आणणारी स्वतंत्र यंत्रणा नव्हती. मर्यादा प्रत्येक समितीपुरती असल्याने एकाच उमेदवारासाठी अनेक समित्या काढण्याचा मार्ग सर्वच पक्षांनी पतकरला.

वॉटरगेट व १९७४ चे कायदे : संघीय निवडणूक प्रचार अधिनियम, १९७१ हा ७ एप्रिल १९७२ पासून अंमलात आला व त्याने देणगीदारांची नावे जाहीर करणे बंधनकारक केले. या तारखेपूर्वीच रिचर्ड निक्सन (१९१३–९४) यांच्या निधिसमितीने घाईघाईने कोट्यवधी डॉलर गोळा केले. ‘कॉमन कॉज’ या नागरिक-संघटनेने न्यायालयात दावा लावल्यानंतरच त्या देणगीदारांची यादी बाहेर आली. वॉटरगेट येथील घरफोडीत सापडलेल्या आरोपींपैकी एकाच्या बँकखात्यात निक्सन यांच्या प्रचारासाठी दिलेला २५,००० डॉलरांचा धनादेश जमा झाल्याचे आढळले, तेव्हा निधी व गुन्हा यांचा दुवा स्पष्ट झाला. अनेक मोठ्या कंपन्यांनी बेकायदा देणग्या दिल्याचे न्यायालयात कबूल केले [→ वॉटरगेट प्रकरण].

निक्सन यांच्या राजीनाम्यानंतर दोन महिन्यांनी, ऑक्टोबर १९७४ मध्ये, अध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांनी व्यापक दुरुस्ती-कायद्यावर सही केली. त्यानुसार व्यक्तीला एका उमेदवारास प्रत्येक निवडणुकीत १,००० डॉलर व राजकीय कृती समितीला ५,००० डॉलर अशी देणगीची कमाल मर्यादा ठरली. उमेदवारांच्या एकूण खर्चावरही मर्यादा आली. अंमलबजावणीसाठी सहा सदस्यांचा संघीय निवडणूक आयोग स्थापन झाला. आयोगावर एका पक्षाचे तीनहून अधिक सदस्य असत नाहीत व निर्णयास चार मते लागतात. त्यामुळे आयोग कोणत्याही एका पक्षाच्या हातचे शस्त्र होत नाही. परंतु तीन विरुद्ध तीन अशी कोंडी होऊन अनेक तक्रारींवर कार्यवाहीही होत नाही. २०१९-२० मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये जागा रिक्त राहिल्याने आयोगाची गणसंख्याच पूर्ण होऊ शकली नाही.

देणगी व खर्च यांतील भेद : १९७४ च्या कायद्याला सीनेट-सदस्य जेम्स बक्ली, माजी सीनेट-सदस्य यूजीन मॅकार्थी इत्यादींनी आव्हान दिले. ‘बक्ली वि. व्हॅलेओ’ (१९७६) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देणगीवरील मर्यादा वैध ठरविल्या. कारण मोठ्या देणगीतून भ्रष्टाचार वा भ्रष्टाचाराचा आभास निर्माण होतो. उमेदवाराचा खर्च, त्याने वापरलेला स्वतःचा पैसा आणि उमेदवाराशी संगनमत न करता इतरांनी केलेला ‘स्वतंत्र खर्च’ यांवरील मर्यादा मात्र घटनेच्या पहिल्या दुरुस्तीशी विसंगत म्हणून रद्द केल्या. श्रीमंत व सामान्य यांचा आवाज समान व्हावा एवढ्यासाठी कोणाच्याही मतप्रदर्शनावर बंधन घालता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. म्हणूनच रॉस पेरो यांना १९९२ मध्ये सहा कोटींहून अधिक व मायकेल ब्लूमबर्ग यांना २०२० च्या प्राथमिक फेरीत शंभर कोटींहून अधिक डॉलर स्वतःच्या खिशातून खर्च करता आले. दोघांनाही यश लाभले नाही.

सरकारी अनुदान : खर्चमर्यादा सक्तीने लादता येत नसली, तरी सरकारी अनुदानाची अट म्हणून ती घालता येते, असे याच निर्णयात मान्य झाले. करदात्याने आपल्या प्राप्तिकर-विवरणपत्रावर खूण केल्यास त्याच्या करातील एक डॉलर (१९९३ पासून तीन डॉलर) या निधीत जातो. त्यासाठी त्याला जादा कर भरावा लागत नाही. प्राथमिक फेरीत निदान २० राज्यांतून प्रत्येकी ५,००० डॉलर लहान देणग्यांद्वारे जमविणाऱ्या उमेदवारास प्रत्येक देणगीतील पहिल्या २५० डॉलरपर्यंत तेवढीच रक्कम सरकारकडून मिळते. सार्वत्रिक निवडणुकीत प्रमुख पक्षाच्या उमेदवारास सर्व खर्चासाठी ठोक रक्कम मिळते व ती घेतल्यास खाजगी देणग्या घेता येत नाहीत. १९७६ मध्ये फोर्ड व जिमी कार्टर यांना प्रत्येकी सु. २ कोटी १८ लक्ष डॉलर मिळाले. त्या वर्षापासून २००४ पर्यंत दोन्ही पक्षांच्या सर्व उमेदवारांनी हे अनुदान स्वीकारले.

ही व्यवस्था ऐच्छिक असल्याने, मर्यादेपेक्षा अधिक पैसा बाहेरून मिळू शकेपर्यंतच ती टिकणार होती. १९९६ मध्ये बॉब डोल यांची प्राथमिक फेरीची खर्चमर्यादा वसंत ऋतूतच संपुष्टात आली, तर पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी नसलेल्या बिल क्लिंटन यांच्याकडे उन्हाळ्यापर्यंत पैसा शिल्लक होता. तो धडा घेऊन २००० मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी प्राथमिक फेरीतील अनुदान नाकारले. २००८ मध्ये बराक ओबामा यांनी, आधी अनुकूलता दर्शवूनही, सार्वत्रिक निवडणुकीतील अनुदान नाकारले व त्या संपूर्ण मोहिमेत सु. ७५ कोटी डॉलर जमविले. जॉन मॅकेन यांना अनुदानापोटी ८ कोटी ४१ लक्ष डॉलरांवर भागवावे लागले. स्वतः मॅकेन यांनीही त्याच वर्षी प्राथमिक फेरीतील अनुदानासाठी केलेला अर्ज मागे घेतला होता. २०१२ पासून एकाही प्रमुख पक्षाच्या उमेदवाराने सार्वत्रिक निवडणुकीतील अनुदान घेतलेले नाही.

पर्यायी वाटा : उमेदवारास द्यावयाच्या देणगीवर मर्यादा असल्याने मोठा पैसा पक्षांकडे वळला. ‘पक्षबांधणी’च्या नावाखाली पक्षांना मिळणाऱ्या अशा अमर्याद रकमांस ‘सॉफ्ट मनी’ म्हणत. १९९६ मध्ये मोठ्या देणगीदारांना व्हाइट हाउसमध्ये कॉफीपानास व मुक्कामास बोलावल्याने वाद उद्भवला व सीनेट समितीने त्याची चौकशी केली. २००२ च्या मॅकेन-फाइनगोल्ड अधिनियमाने सॉफ्ट मनीवर बंदी आणली आणि वैयक्तिक देणगीची मर्यादा २,००० डॉलर करून ती महागाईशी निगडित केली. २०२४ च्या निवडणुकीत ती ३,३०० डॉलर होती.

‘सिटिझन्स युनायटेड वि. संघीय निवडणूक आयोग’ (२०१०) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी कंपन्या व कामगार संघटना यांच्या स्वतंत्र खर्चावरील बंदी रद्द केली. त्याच वर्षीच्या एका अपील न्यायालयाच्या निर्णयाने, केवळ स्वतंत्र खर्च करणाऱ्या समित्यांना अमर्याद देणग्या घेण्याची मोकळीक मिळाली. अशा समित्यांना ‘सुपर पॅक’ म्हणतात. त्यांना देणगीदारांची नावे जाहीर करावी लागतात. तथापि देणगीदार म्हणून एखाद्या ना-नफा संस्थेचेच नाव लागले, तर मूळ पैसा कोणाचा हे कळत नाही. ओबामा यांनी या निर्णयावर जाहीर टीका केली. तरीही २०१२ मध्ये त्यांच्या मोहिमेने त्यांना अनुकूल असलेल्या सुपर पॅकला साहाय्य करण्याचे आवाहन केले. डॉनल्ड ट्रंप यांनी २०१५ मध्ये अशा समित्यांचा निषेध केला. पुढील निवडणुकांत त्यांनाही त्यांचे पाठबळ लाभले. मार्च २०२४ मध्ये आयोगाने मतदारांच्या घरोघर भेटींच्या कामात उमेदवार व अशा समित्या यांना संगनमत करण्यास परवानगी दिली. त्या वर्षी उद्योगपती ईलॉन मस्क यांनी ट्रंप व रिपब्लिकन पक्ष यांच्यासाठी २५ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम खर्च केली.

मूल्यमापन : नियमनाचे सर्वांत टिकाऊ फलित म्हणजे हिशेबांची जाहीर नोंद होय. उमेदवारास ठराविक रकमेपेक्षा अधिक देणगी देणाऱ्याचे नाव व व्यवसाय कोणाही नागरिकास पाहता येतो. १९७२ पूर्वी हे जवळजवळ अशक्य होते. देणगीवरील मर्यादा उमेदवाराच्या स्वतःच्या खात्यापुरत्या आजही कायम आहेत. परंतु त्या खात्याबाहेरील पैसा नियमांच्या कक्षेतून सुटल्याने १,००० डॉलरची मर्यादा घालताना अभिप्रेत असलेली समानता साधलेली नाही. अधिक पैसा म्हणजे निश्चित विजय असेही दिसत नाही : १९८० मध्ये जॉन कॉनली यांनी सु. एक कोटी दहा लक्ष डॉलर खर्चून पक्षाच्या अधिवेशनासाठी अवघा एक प्रतिनिधी मिळविला. मात्र पुरेशा पैशाविना उमेदवारीच उभी राहू शकत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष मतदानापूर्वीच कोण शर्यतीत राहील हे मोठ्या प्रमाणावर देणगीदार ठरवितात. मतदाराचा हा अधिकार त्याच्याकडे परत यावा, यासाठी लहान देणग्यांना सरकारी जोड देण्याची योजना पुनरुज्जीवित करावी, असे सुधारणावादी सुचवितात. विरोधकांच्या मते मर्यादा काढून टाकून केवळ तात्काळ व संपूर्ण प्रकटीकरण सक्तीचे करणे पुरेसे आहे. यांपैकी कोणताही मार्ग स्वीकारावयाचा, तर चालू पद्धतीने निवडून आलेल्यांनीच तो संमत करावा लागेल.