औद्योगिक तेलाचा व्यापार आणि भेसळीचा कायदा

ज्या तेलावर भट्टी पेटते, ज्याने रंग पातळ होतो, जे चेपलेल्या सोयाबीनमधून खाद्यतेल ओढून घेते आणि ज्याच्या वंगणावर यंत्रांची चाके फिरतात ते तेल, आणि रस्त्याकडेच्या पंपावरून मोटारीच्या टाकीत जाणारे तेल, ही दोन्ही एकाच खनिज तेलातून, शुद्धीकरण कारखान्याच्या एकाच मनोऱ्यात निरनिराळ्या उष्णतामानाला वेगळी काढलेली भावंडे होत. आणि औद्योगिक तेलाच्या व्यापाऱ्याचा बहुतेक मनस्ताप या सख्ख्या नात्यातूनच उद्भवतो. रॉकेल डिझेलमध्ये बेमालूम मिसळते, नॅफ्था आणि हलकी विद्रावके पेट्रोलमध्ये मिसळतात, आणि एकदा मिसळल्यावर डोळ्याला काही दिसत नाही. त्यामुळे भेसळ रोखू पाहणाऱ्या शासनाने पंपावर पहारा बसवला तो बसवलाच, पण ज्याच्या दाराशी कोणी मोटारवाला पेट्रोल मागायला कधी जाणार नाही, अशा रंगाच्या वा रबराच्या कारखानदारालाही त्याने आपल्या दप्तरात दाखल करून घेतले.

या व्यापाऱ्याच्या मागे दोन निरनिराळ्या भीतींतून जन्मलेले कायदे आहेत. पहिली भीती आगीची. १९३४ चा पेट्रोलियम अधिनियम तेलाची प्रतवारी ते कशासाठी वापरतात यावरून करत नाही, तर त्याची वाफ किती उष्णतामानाला ठिणगीने पेटते, म्हणजे धंद्यात ज्याला सर्रास फ्लॅश पॉइंट म्हणतात, त्यावरून करतो : २३ अंश सेल्सियसच्या खाली पेटणारे ते 'अ' वर्गात, २३ ते ६५ अंशांमधले 'ब' वर्गात आणि त्यापुढे ९३ अंशांपर्यंतचे 'क' वर्गात. फर्नेस ऑइल हे या शेवटच्या वर्गातले, म्हणून ४५,००० लिटरपर्यंतच्या साठ्याला या कायद्याखाली परवानाच लागत नाही. हेक्झेनसारख्या 'अ' वर्गातल्या द्रवाला मात्र ही उदारता नाही, आणि त्याच्या टाक्यांचे नकाशे, भिंतींपासूनची अंतरे व विजेची जोडणी या सर्वांवर ज्यांचे मुख्यालय नागपुरात आहे त्या विस्फोटक खात्याची नजर असते. या कायद्याविषयी व्यापारी कुरकुर करतात, पण मनातून त्याला मान देतात, कारण आग कोणाचा मुलाहिजा ठेवत नाही हे त्यांना ठाऊक असते.

दुसरी भीती लबाडीची, आणि तिची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाने केंद्र सरकारला जे हुकूम काढण्याचा अधिकार दिला, त्याच्या आधारे १९८७ साली वंगणतेलांवर, १९९३ साली रॉकेलवर आणि २००० साली एका बाजूने नॅफ्थ्यावर व दुसऱ्या बाजूने विद्रावके आणि शुद्धीकरणात मागे उरणारी रॅफिनेट व स्लॉप ही द्रव्ये यांवर आदेश निघाले. पेट्रोल व डिझेलच्या गैरव्यवहारांविषयीचा १९९८ चा आदेश बदलून २००५ साली नवा आला. यांपैकी २००० सालच्या दोन आदेशांच्या नावातच 'मोटारगाड्यांतील वापरास प्रतिबंध' असे शब्द आहेत, आणि त्यांचे सारे तर्कशास्त्र त्या शब्दांत सामावले आहे. हा माल मोटारीत जाऊ नये एवढाच हेतू. परंतु तो मोटारीत गेला नाही हे दाखवायचे, तर तो गेला कोठे याचा पुरावा हवा, म्हणून परवाना, साठ्याची वही, खरेदीदाराकडून अंतिम वापराचे प्रमाणपत्र आणि कोणाला किती माल विकला याचे तिमाही विवरणपत्र ही मालिका सुरू होते.

हा हिशेब प्रत्यक्षात कसा अडतो ते तेल काढण्याच्या एखाद्या कारखान्यात, मराठवाड्यात वा विदर्भात, पाहावे. सोयाबीनमध्ये तेलाचा अंश जेमतेम पाचवा हिस्सा. घाण्याने वा दाबयंत्राने तो पुरेसा निघत नाही, म्हणून दाणे चेपून त्यांचे पातळ पापुद्रे करतात आणि त्यांवर हेक्झेन या विद्रावकाची धार सोडतात. हेक्झेन तेल विरघळवून घेते, मग साधारण ६५ ते ६९ अंशांना उकळून वाफेच्या रूपाने निघून जाते, ती वाफ थंड करून पुन्हा द्रव करतात आणि तोच द्रव पुन्हा कामाला लावतात. या चक्रात प्रत्येक फेऱ्याला थोडे हेक्झेन पेंडीबरोबर जाते, थोडे हवेत उडते, आणि ती तूट भरून काढण्यासाठी टँकर मागवावा लागतो. आता तपासणीला आलेल्या अंमलदाराने वहीवर बोट ठेवून 'मागच्या तिमाहीत आलेले हेक्झेन गेले कुठे ?' असे विचारले, तर व्यवस्थापकाचे खरे उत्तर 'साहेब, हवेत' एवढेच असते. आणि खऱ्या उत्तराइतके संशयास्पद वाटणारे उत्तर या धंद्यात दुसरे नाही. गाळलेल्या सोयाबीनचे वजन आणि तूट यांचे रोजचे प्रमाण ज्याने नोंदवून ठेवले तो सुटतो, आणि ज्याने महिनाअखेरीस एकदम लिहिले त्याला कचेरीचे हेलपाटे घालावे लागतात.

हेलपाट्यांवर निभावले तर नशीबच म्हणायचे. जीवनावश्यक वस्तू अधिनियमाच्या सहाव्या 'अ' कलमान्वये जिल्हाधिकारी जप्त केलेला माल सरकारजमा करू शकतो, आणि तोही फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट न पाहता. भाड्याने माल वाहणारे वाहनही सुटत नाही, फक्त त्याच्या मालकाला मालाच्या बाजारभावाहून अधिक नसलेला दंड भरून गाडी सोडवून घेण्याची मुभा असते. सातव्या कलमाखाली शिक्षा सात वर्षांच्या कैदेपर्यंत जाते. याहून कडक आहे ते दहावे 'क' कलम : आरोपीचा हेतू दोषी होता असे न्यायालय गृहीत धरून चालते, आणि तसा तो नव्हता हे आरोपीनेच वाजवी शंकेला जागा न ठेवता सिद्ध करायचे. महामार्गावर रात्री अडवलेल्या टँकरमधले मिनरल टर्पेंटाइन खरोखर रंगाच्या कारखान्याकडे चालले असले, तरी बिलावरचे नाव आणि प्रयोगशाळेचा दाखला यांत एका शब्दाचे अंतर पडले, की नमुने सीलबंद होतात, पंचनामा होतो आणि अहवाल येईपर्यंत गाडी आवारात उभी राहते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही व्यापाऱ्यांची तक्रार अशा वेळी अगदीच निराधार नसते.

तरीही कायद्याची ही धार कोठून आली हे विसरता येत नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे, तेल कंपन्यांच्या आगाराच्या परिसरात चाललेली भेसळ उघडकीस आणायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भरदिवसा जिवंत जाळण्यात आले. त्याआधी २००५ साली उत्तर प्रदेशातील लखीमपूर खीरी येथे इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांना पंपावरील भेसळीविरुद्ध उभे राहिल्याबद्दल प्राण गमवावे लागले होते. पानेवाडीनंतर राज्यभर छापे पडले, आणि ते पडायलाच हवे होते.

छापे आणि उपकरणे यांनी किती साधले, हा प्रश्न मात्र वेगळा. पंपावरची नेहमीची कसोटी हायड्रोमीटरची : घनता मोजायची, ती १५ अंशांच्या हिशेबात आणायची, आणि नोंदीतल्या आकड्याशी घनमीटरमागे ३ किलोग्रॅमपेक्षा अधिक फरक पडला तर संशय धरायचा. परंतु हलक्या रॉकेलबरोबर एखादे जड तेलही घातले, तर घनता पूर्ववत होते आणि हायड्रोमीटर निमूटपणे साक्ष फिरवतो. रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला. २००६ साली त्यात गुप्त खूणद्रव्य मिसळण्याची योजना आली, पण ते काढून टाकता येते असे आढळल्यावर थोड्याच काळात ती गुंडाळावी लागली. रॉकेलच्या भेसळीची हाव खरी ओसरली ती २०१६ पासून त्याची किंमत टप्प्याटप्प्याने वाढत जाऊन २०२० च्या सुमारास अनुदान संपले तेव्हा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी घटना हीच आहे : जे पहाऱ्याने झाले नाही, ते भावातली तफावत मिटल्याने झाले.

तफावत उलटी झाली म्हणजे माणसेही उलटी वळतात, हेही दिसून आले आहे. जानेवारी २०१३ मध्ये घाऊक खरेदीदारांसाठी डिझेलचा भाव पंपापेक्षा वाढवला, तेव्हा अनेक राज्यांच्या परिवहन महामंडळांनी आपल्या आगारातले पंप सोडून बसगाड्या सार्वजनिक पंपांकडे वळवल्या. आणि मार्च २०२२ मध्ये मुंबईत घाऊक डिझेल लिटरमागे १२२ रुपयांवर गेले असताना पंपावर ते ९४ रुपयांना मिळत होते, तेव्हा कारखान्यांचे जनित्र चालवणाऱ्यांनीही पंपाचीच वाट धरली. त्यात भेसळ नव्हती, फक्त हिशेब होता.

आज तफावत उरली आहे ती करांची. १ जुलै २०१७ पासून फर्नेस ऑइल, नॅफ्था, विद्रावके आणि वंगणतेले वस्तू व सेवा करात आली, त्यांवर १८ टक्के कर बसतो आणि कारखानदाराला त्याची वजावटही मिळते. पेट्रोल आणि डिझेल मात्र बाहेर राहिले, त्यांवर केंद्राचे उत्पादनशुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर चालू राहिला, आणि डिझेलवर जनित्र चालवणाऱ्याला एका पैशाचीही वजावट नाही. पेटायला सारखी, वासालाही जवळपास सारखी अशी दोन तेले दोन वेगळ्या करपद्धतींत ठेवली, की मधल्या अंतरात कोणी ना कोणी दुकान मांडतोच. 'बायोडिझेल'च्या पाटीखाली भलतीच तेले विकणारे पंप गुजरात-महाराष्ट्रात निघाले ते याच अंतरात. १७ सप्टेंबर २०२१ रोजी लखनौ येथे वस्तू व सेवा कर परिषदेपुढे पेट्रोल-डिझेल या करात आणण्याचा विषय आला, तेव्हा अद्याप ती वेळ आलेली नाही असे ठरले. राज्यांचा महसूल त्यावर उभा आहे, आणि तो सोडायला कोणतेही राज्य राजी नाही.