जाड फळी आणि वऱ्हाडचं ऊन

खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजात लाकूड वाळायला अडचण कसली, असं कुणालाही वाटेल. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, हवा कोरडी ठणठणीत, दोरीवरचं धोतर बघता बघता कडक होतं. पण दोन-तीन इंच जाडीच्या ओल्या फळीचा खरा वैरी हाच उन्हाळा आहे. आपल्याकडची फळी वाळत नाही म्हणून वाया जात नाही, ती घाईनं वाळते म्हणून जाते.

बांधावरचा कडुलिंब वादळात पडतो, जुनी चिंच रस्त्याच्या कामात जाते. ओंडका आरा मशीनवर नेऊन जाड फळ्या पाडल्या जातात आणि भिंतीला टेकवून ठेवल्या जातात. काही दिवसांतच टोकांना चिरा पडतात, मग फळी पीळ खाते. दोन पिढ्यांनी सावलीत बसून ज्या झाडाखाली जेवणं केली, ते शेवटी सरपणात जातं. हे थांबवता येतं आणि त्यासाठी फारसा खर्चही येत नाही.

ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतलं पाणी निघून जाईपर्यंत लाकूड आकसत नाही. ओलावा कोरड्या वजनाच्या साधारण तीस टक्क्यांखाली उतरला की भिंती कोरड्या पडू लागतात आणि तिथून आकसणं सुरू होतं. भर उन्हातल्या जाड फळीचा पृष्ठभाग ही मर्यादा लवकर ओलांडतो. आतला गाभा मात्र चिंब असतो. वरचं आकसू पाहतं, आतलं हटत नाही. मग वरचं फाटतं.

टोकांचं तर विचारूच नका. झाडानं मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी नेलं त्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात. अंगापेक्षा टोकांतून पाणी दहा-पंधरा पट वेगानं जातं. म्हणून टोकं बुजवायची ती कापल्या दिवशीच. चीर दिसल्यावर लावलेला लेप ती चीर मिटवत नाही. वितळवलेलं मेण उत्तम, डांबर चालतं, जुन्या ऑइलपेंटचे दोन-तीन जाड हातही चालतात. काहीच नसेल तर शेणमातीचा जाड लिंपा, पण तो सुकून तडकला की पुन्हा द्यावा लागतो. अंगाला मात्र या वेळी काही फासू नये. पाणी जायला वाट तीच.

कापतानाच आणखी एक गोष्ट बघावी. ओंडक्याचा ऐन मध्यबिंदू फळीत आला तर ती फाटणार हे जवळपास ठरलेलं. लाकूड वर्तुळाच्या कडेनं जितकं आकसतं, त्याच्या निम्मंच मध्याकडे आकसतं. ही ओढाताण मध्यावर येऊन मोडते. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा अख्ख्या बाभळीचा असे, पण त्यात आसासाठी भोक पाडताना नेमका तो मध्यच निघून जाई. बाभळीचे ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवायची रीतही होती. त्यानं लाकडातली साखर आणि पिठूळ अंश धुऊन जातो आणि भुंगा पाठ सोडतो.

फळ्या रचायच्या त्या सपाट, जमिनीपासून हातभर उंच, उत्तरेच्या सावलीत. मध्ये इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या दीड-दोन फुटांवर, आणि वरची पट्टी खालच्या पट्टीच्या अगदी रेषेत. रेषा चुकली की फळीला तिथेच बाक येतो. माथ्यावर पत्रा आणि वजन. एप्रिल-मेमध्ये लू लागते त्या बाजूला गोणपाट बांधावं.

इंचाला एक वर्ष, हा जुना हिशेब. आपल्या हवेत वेळ थोडा कमी लागतो, पण अंदाजावर जाऊ नये. महिन्यातून एकदा तीच फळी धान्याच्या काट्यावर तोलावी आणि वजन तिच्यावरच खडूनं लिहावं. पावसाळ्यात वजन उलट वाढेल, कारण लाकूड हवेतली ओल परत घेतं. दिवाळीनंतरचं वजन दोन-तीन महिने हललं नाही, तर फळी तयार. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेनं विकसित केलेली सौर भट्टी हेच काम लवकर करते, पण तिथेही आतली दमट हवा सांभाळावीच लागते.

वाळल्यावर दुसरं बुजवणं. जवस विदर्भाचंच पीक. त्याचं उकळलेलं तेल रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळतं. पातळ हात द्यावा, पुसून घ्यावा, वाळू द्यावा, पुन्हा द्यावा. दोन्ही तोंडांना सारखंच. वरून चकचकीत आणि खालून कोरी ठेवलेली फळी पन्हाळीसारखी वळते. तेलाची चिंधी बोळा करून टाकू नये. ती आपोआप पेटू शकते, म्हणून पसरून वाळवावी.

तेल लावलं तरी फळी हलायची थांबत नाही. सागासारख्या शांत लाकडाची दोन फूट रुंद फळीसुद्धा पावसाळा ते उन्हाळा काही मिलिमीटर सरकते. टेबलाला ती खिळ्यांनी जखडू नये, लांबट भोकांतून स्क्रू द्यावेत.

झाड उभं असेल तर आधी परवानगी बघा; साग, आंबा, चिंच, मोह ही झाडं 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यात येतात. आणि पडलेलं असेल तर आजच टोकं बुजवा, फळीवर तारीख घाला, आणि दोन इंची असेल तर दुसरी दिवाळी उलटेपर्यंत तिला रंधा लावू नका.