कशाची खात्री, ते आधी सांगा
(पडद्यावरची भाषा : भाग ६)

१३ जानेवारी २०१८, शनिवार. अमेरिकेच्या हवाई राज्यात सकाळी आठ वाजून सात मिनिटांनी लोकांचे मोबाइल एकदम वाजू लागले. हवाईकडे क्षेपणास्त्र येत आहे, ताबडतोब आसरा घ्या, ही कवायत नव्हे, असा संदेश होता. लोक मिळेल तिथे लपले. कुणी मुलाबाळांना घेऊन न्हाणीघरात बसलं, कुणी घरच्यांना अखेरचे म्हणून फोन केले. क्षेपणास्त्र मात्र कुठलंच नव्हतं. ‘धोका नाही, इशारा चुकीचा होता’ हा दुसरा संदेश त्याच मोबाइलवर पोहोचेपर्यंत ३८ मिनिटं गेली.

पुढे अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने चौकशी केली. इशारे पाठवणाऱ्या कार्यालयात पाळी बदलण्याच्या वेळी सराव चालू होता. सरावासाठी वाजवलेल्या ध्वनिमुद्रणात ‘सराव, सराव, सराव’ असे शब्द होते, आणि ‘ही कवायत नव्हे’ असंही वाक्य होतं. एका कर्मचाऱ्याने ते दुसरं वाक्य खरं धरलं आणि संगणकावर खऱ्या इशाऱ्याचा पर्याय निवडला. संगणकाने नेमाप्रमाणे विचारलं : हा इशारा पाठवायचा, याची तुम्हाला खात्री आहे का? त्याने ‘हो’ म्हटलं.

चौकशीतला सगळ्यात बोलका तपशील या प्रश्नाचा आहे. चाचणीचा इशारा असो की खरा, संगणक अगदी हाच प्रश्न विचारत असे. शब्दही तेच. म्हणजे आपल्या एका क्लिकने कार्यालयातल्या यंत्रांची चाचणी होणार आहे की राज्यभरातले मोबाइल वाजणार आहेत, हे त्या प्रश्नावरून कळायला मार्गच नव्हता. त्या दिवशी कर्मचाऱ्याला हल्ला खराच वाटला होता, त्यामुळे प्रश्नाचे शब्द बदलले असते तर तो थांबला असता, असा दावा करता येत नाही. पण घाईत चुकीची ओळ निवडणाऱ्या माणसाला हा प्रश्न कधीच वाचवू शकला नसता, हे नक्की. ‘हा इशारा हवाईतल्या सगळ्या मोबाइलवर जाईल’ एवढं एक वाक्य तिथे असायलाच हवं होतं.

दुसरी उणीवही मजकुराचीच. इशारा चुकून गेला तर काय कळवायचं, याचा मसुदा तयार नव्हता. धोक्याचा संदेश आधीपासून लिहून ठेवलेला, आणि धोका नसल्याचा संदेश गोंधळ उडाल्यावर लिहायला घेतलेला. ३८ मिनिटांतली काही अशीच गेली.

रोजच्या ॲपमध्ये जीव धोक्यात नसतो, पण प्रश्नांची तऱ्हा हीच असते. बसचं तिकीट रद्द करताना पडद्यावर येतं : ‘तिकीट रद्द करायचं आहे का?’ खाली दोन बटणं, ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’. आता ‘रद्द करा’ दाबलं तर तिकीट रद्द होणार की रद्द करण्याचा विचार रद्द होणार? वापरणाऱ्याचं बोट तिथेच अडखळतं. हाच मजकूर असा लिहिता येतो : ‘पुणे–नागपूर, १४ नोव्हेंबर, ३ प्रवासी. तिकीट रद्द केल्यास १,८०० रुपये परत मिळतील, ३०० रुपये कापले जातील.’ बटणांवर ‘तिकीट रद्द करा’ आणि ‘तिकीट राहू द्या’. शब्द वाढले, जागा वाढली, पण नंतर ग्राहकसेवेला फोन करण्याची वेळ टळली.

पैशांच्या बाबतीत तर मोघम मजकूर थेट खिशाला भोक पाडतो. यूपीआयवर पैसे पाठवता येतात, तशी पैसे मागणारी विनंतीही कुणालाही धाडता येत असे. भामट्यांनी या सोयीचा भरपूर गैरफायदा घेतला. जुना सोफा विकायला काढलेल्या माणसाला ‘गिऱ्हाईक’ फोन करायचं, पैसे पाठवतो म्हणायचं, आणि पाठवायचं मात्र विनंती. सोबतचा शेरा विनंती करणाराच लिहायचा, त्यामुळे तिथे ‘सोफ्याचे पैसे मिळवा’ असंही लिहिता यायचं. विकणारा विश्वासाने पिन टाकायचा आणि त्याच्याच खात्यातून पैसे जायचे. पैसे यायला पिन लागतच नाही, हे बँका आणि नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन वर्षानुवर्षं सांगत आले. शेवटी व्यक्तीने व्यक्तीकडे अशी विनंती पाठवण्याची सोयच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. दुकानदार आणि कंपन्यांच्या विनंत्या मात्र तेव्हा चालू राहिल्या. पैसे मागणाऱ्या कुठल्याही पडद्यावर ‘तुमच्या खात्यातून १,८०० रुपये जातील’ हे वाक्य सगळ्यात ठळक हवं, आणि समोरच्याने लिहिलेला शेरा त्याच्यापासून वेगळा, ‘समोरच्याने लिहिलेलं’ असं सांगून दाखवलेला हवा.

मराठीत लिहिताना आणखी एक अडचण येते. संदेशाचा साचा एकदाच तयार होतो आणि गाळलेल्या जागी नावं-आकडे संगणक भरतो. साचा ‘अमुकला जाणारी गाडी’ असा असेल तर नागपूर चालून जातं, पण पुणे आलं की ‘पुणेला जाणारी गाडी’ होते आणि सातारा आलं की ‘साताराला’. मराठी माणूस असं बोलत नाही. इथे ‘कुठून : सातारा, कुठे : पुणे’ अशी सरळ मांडणी बरी, कारण तिला विभक्ती लागत नाही. माणसाच्या नावापुढे ‘यांनी’ लावलं की बाई की पुरुष हा प्रश्न उरत नाही. क्रियापदाचं मात्र पाहावं लागतं : १ फोटो पाठवला, ५ फोटो पाठवले, १ यादी पाठवली.

मोबाइलच्या एसएमएसमध्ये जागेचीही ओढाताण असते. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. त्यातही काना, मात्रा, उकार आणि जोडाक्षरातला न दिसणारा हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘पुण्याला’ वाचताना तीन अक्षरं, मोजताना आठ. म्हणून ‘प्रिय ग्राहक, आपणास कळविण्यात येते की’ यात निम्मी जागा घालवणं परवडत नाही. किती रुपये, कुठे गेले, व्यवहार आपला नसेल तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे आधी आलं पाहिजे.

मराठी ॲप तयार करणाऱ्यांना एक विनंती. साचा पक्का करण्याआधी त्यात पुणे, ठाणे, सातारा ही गावं आणि १ व ५ हे आकडे भरून तो मोठ्याने वाचा. मग ते ॲप कधीही न वापरलेल्या माणसाला दाखवा आणि बटण दाबण्याआधी विचारा : हे दाबलं तर काय होईल? त्याला सांगता आलं नाही, तर मजकूर पुन्हा लिहा.