श्वासातील धूळ आणि फुप्फुसांचे पहारेकरी

सोलापूरची चादर तुम्ही पाहिलीच असेल. तुमच्यापैकी काहींचे वडील किंवा चुलते यंत्रमागावर कामही करत असतील. सोलापुरातील पहिली कापड गिरणी १८७७ साली सुरू झाली. लोक तिला ‘जुनी गिरणी’ म्हणत. पुढे आणखी गिरण्या निघाल्या. त्या जुन्या गिरण्या बंद पडल्या. पण यंत्रमागांचा खडखडाट शहरात अजून ऐकू येतो.

कापसाचे काम म्हटले की धूळ आलीच. सूत काढण्यापूर्वी कापूस मोकळा करून पिंजतात. तेव्हा सर्वांत जास्त धूळ उडते. विणकामात ती कमी असते. पण बंद खोलीत तीही साचते. ही धूळ म्हणजे केवळ कापसाचे तंतू नव्हेत. तिच्यात पानांचा चुरा, माती, बुरशी आणि असंख्य जिवाणू असतात. वनस्पती, प्राणी व सूक्ष्मजीव यांपासून तयार होणाऱ्या अशा धुळीला सेंद्रिय धूळ म्हणतात. ज्वारीच्या मळणीत, बुरसलेल्या कडब्यात आणि साखर कारखान्याजवळ रचून ठेवलेल्या उसाच्या चोथ्यातही ती असते.

ही धूळ श्वासाबरोबर आत गेली तर काय होते? मोठे कण नाकातील केसांत व चिकट द्रवात अडकतात. ते शिंकेने किंवा खोकल्याने बाहेर पडतात. अतिशय बारीक कण मात्र फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. आपल्या दोन्ही फुप्फुसांत मिळून ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. त्यांच्या भिंतीवर भक्षक पेशी फिरत असतात. याच त्या फुप्फुसांच्या पहारेकरी! बाहेरून आलेला कण किंवा जिवाणू दिसला की त्या त्याला वेढतात आणि गिळून टाकतात.

पेशींचे हे काम रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी ओळखले. १८८२ साली त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात एक काटा टोचला. थोड्या वेळाने पाहतात तो काय, फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झाल्या होत्या! या कार्यासाठी त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मग पहारेकरी असताना माणूस आजारी का पडतो? काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात ‘अंतर्विष’ नावाचा पदार्थ असतो. जिवाणू मेला तरी अंतर्विष उरतेच. भक्षक पेशीच्या पृष्ठभागावर ते ओळखणारा एक रेणू असतो. ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने १९९८ साली उंदरांवरील संशोधनातून हे दाखवले. २०११ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले.

अंतर्विष ओळखताच भक्षक पेशी रासायनिक संदेश सोडते. ही जणू धोक्याची घंटाच! ती ऐकून रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात. श्वासनलिकांना सूज येते आणि त्या आकसतात. छाती आवळल्यासारखी वाटते, खोकला येतो, दम लागतो. धूळ थोडी असेल तर हे लवकर शमते. पण वर्षानुवर्षे रोज घंटा वाजत राहिली, तर रक्षणासाठी आलेल्या पेशींमुळेच फुप्फुसांची हानी होते. ती पुन्हा भरून येत नाही.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या या रोगाला ‘बिसिनोसिस’ म्हणतात. त्याची खूण मोठी विलक्षण आहे. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती सर्वांत जास्त आवळते. पुढच्या दिवसांत त्रास कमी होतो. अंतर्विष रोज येऊ लागले की पेशींचा प्रतिसाद मंदावतो आणि सुट्टीत त्या पुन्हा सावध होतात, असे मानले जाते. त्यामुळे कामगाराला वाटते, “सुट्टीने अंग जड झाले, आता बरे आहे.” आणि रोग लपून राहतो.

यावर उपाय आहेत. कारखान्यात धूळ ओढून घेणारी यंत्रे आणि मोकळी हवा हवी. कोरडा झाडू मारण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावे. नाकातोंडावर घट्ट बसणारा मुखवटा वापरावा. कडबा नीट वाळवूनच रचावा. विडी-सिगारेट टाळावी, कारण धुराने हानी आणखी वाढते.

इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला त्याचा धंदा अवश्य विचारा, असे त्यांनी वैद्यांना सांगितले. मुलांनो, तुमच्या घरी कोणाला असा खोकला असेल, तर त्यांच्याबरोबर दवाखान्यात जा. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी काम कोणते आणि त्रास कोणत्या दिवशी वाढतो, हे त्यांना सांगा. योग्य निदानाची सुरुवात तेथूनच होते.

स्वाध्याय
१. भक्षक पेशींना पहारेकरी का म्हटले आहे?
२. बिसिनोसिस रोग लपून का राहतो?
३. तुमच्या परिसरात सेंद्रिय धूळ कोठे आढळते? पाच वाक्ये लिहा.